सोडा म्हणेपर्यंत

आमच्या क्लासमध्ये तिला सगळ्या एक्स-रे म्हणायच्या, कारण ती सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. मी बायकांचे कपडे शिवते, म्हणून मी टेलर. दातांची एक डॉक्टर होती, तिला कवळी म्हणायच्या, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत कुणातच नव्हती, कारण प्रत्येकीची एक तरी दाढ तिच्या ताब्यात होती. नावं ठेवण्यात आम्ही नाचापेक्षा जास्त तयार होतो.

क्लास मोठ्या बायकांचा होता. मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात. खाली फर्निचरला पॉलिश मारायचं दुकान, वर आमचा हॉल. पॉलिशचा वास फळ्यांच्या फटींतून वर यायचा आणि खिडक्या दोनच, त्यातली एक रंग लागून कायमची चिकटलेली. वासाबद्दल कुणी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, वास हा बहाणा आहे, ज्याला श्वास घ्यायचा तो कुठेही घेतो. समोरच्या भिंतीवर तीन आरसे एकमेकांना जोडून बसवले होते. जोडासमोर जी उभी राहील तिला स्वतःची दोन नाकं दिसायची. मागच्या रांगेत, बरोबर जोडासमोर, एक्स-रे उभी राहायची. अशी नऊ वर्षं.

बाई साठीच्या पुढच्या. तरुणपणी त्या मोठ्या रंगमंचांवर नाचल्या होत्या, त्याचे फोटो जिन्यात ओळीने लावलेले होते. वर येताना पहिल्या पायरीवर त्या वीस वर्षांच्या असायच्या आणि शेवटच्या पायरीवर पन्नाशीच्या, मग दार उघडलं की खऱ्याखुऱ्या. त्यांच्या नाचात गाणं नसायचं, ठेका नसायचा, एक-दोन-तीन मोजायलाही बंदी होती. सगळं श्वासावर चालायचं. आधी श्वास, मग हात. हात श्वासाच्या पुढे पळाला तर तो नाच नाही, कवायत, असं त्या म्हणायच्या. श्वास छातीत भरायचा नाही, पाठीत भरायचा. पाठीत श्वास कसा भरतात हे कळायलाच मला दीड वर्ष लागलं. बाई मागे येऊन खालच्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवायच्या आणि म्हणायच्या, माझे हात ढकल. आपण ढकलायचा प्रयत्न करायचो आणि खांदे कानाला लागायचे. मग एके दिवशी अचानक ते हात हलायचे, आणि आपल्याला पाठही आहे हे पहिल्यांदा लक्षात यायचं.

त्यांची मुख्य गोष्ट अशी की सगळ्यात पुढे जी उभी असेल, तिने ऐकू जाईल असा श्वास घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्या श्वासावर हलायचं. पाठमोऱ्या असलो तरी, डोळे मिटलेले असले तरी. तिने श्वास घेतला की सगळ्या उठणार, तिने सोडला की सगळ्या वाकणार, तिने रोखला की सगळ्या जागच्या जागी थांबणार. त्यामुळे पुढची जागा जिची, तो अख्खा नाच तिचा.

एक्स-रेला ती जागा हवी होती. हे गुपित नव्हतं, तिने कधी लपवलंही नाही. घरी तिचा नवरा, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला, माणूस वाईट नाही, पण बायको नाचायला जाते हे सांगताना तो 'गुडघ्यांसाठी जाते' असं सांगायचा. सासूबाई दर वेळी विचारायच्या, दमलीस का उड्या मारून. आणि हिने त्यांना नऊ वर्षांत एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला एकदा म्हणाली, की एकदा पुढे उभी राहिलेली त्यांना बघू दे, मग त्या काय विचारतात ते मला ऐकायचंय. एवढंच तिचं मागणं होतं. मला ते तेव्हा फार थोडं वाटलं होतं.

घोडं अडायचं ते एकाच जागी. एक्स-रेचे पाय चांगले, पाठ ताठ, वळण सुरेख, पण अवघड जागा आली की ती श्वास रोखायची. एका पायावर तोल सांभाळायचा असला की बंद. जमिनीवरून उठायचं असलं की बंद. तेवढ्या क्षणापुरती तिच्या अंगातली हालचाल आतून थांबायची आणि बाहेरून हातपाय चालू राहायचे. बघणाऱ्याला कळायचं नाही काय बिघडलं, पण काहीतरी बिघडलंय हे कळायचं. बाई दुरूनच ओरडायच्या, 'सोड.' ती सोडायची, तोपर्यंत वेळ निघून गेलेली असायची.

याचं कारण तिने आम्हाला एकदा जिन्यात चपला घालताना सांगितलं. नोकरीला लागून तिसरा महिना होता. एक पेशंट आला, कुठल्याशा गोदामावरचा पहारेकरी, चांगला धिप्पाड. तिने त्याला उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, आत जाऊन म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. बटण दाबलं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा फोन, कुठली तरी फाइल सापडत नव्हती. ती बोलत बसली आणि त्या माणसाला सोडा म्हणायचं विसरली. तो बिचारा उभाच. धडकन आवाज झाला तेव्हा ती पळत बाहेर आली. स्टँडवर आपटून त्याचं कपाळ फुटलं होतं. शुद्धीवर आल्यावर तो काय म्हणाला असेल? त्याने हिची माफी मागितली. म्हणाला, 'तुम्ही सोडा म्हणाला नाहीत, म्हणून मी सोडला नाही.'

आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. कवळीला तर खाली बसावं लागलं. एक्स-रेही हसली, पण तिचं सांगून संपलं नव्हतं. त्या दिवसापासून, ती म्हणाली, मी प्रत्येक पेशंटबरोबर माझाही श्वास रोखते. माझाच जीव कासावीस झाला की सोडा म्हणायचं विसरणार नाही. दिवसाला साठ-सत्तर पेशंट. बावीस वर्षं.

त्यावर कुणी हसलं नाही. चपला घालून आम्ही आपापल्या घरी गेलो.

वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी जाहीर केलं, की या वर्षी नाट्यगृहात कार्यक्रम करायचा, आठजणींचा नाच, आणि पुढे कोण हे श्वास ठरवेल. मग एक्स-रेकडे बघून म्हणाल्या, 'तुझा सुटला, तर जागा तुझी.' सगळ्यांदेखत म्हणाल्या.

तेव्हापासून एक्स-रे दुपारी ड्यूटी संपली की माझ्याकडे यायला लागली. पुढच्या खोलीत माझं मशीन आणि कापडं बेतायचं मोठं टेबल, त्याच्या नि भिंतीच्या मधे एक माणूस आडवं होऊ शकेल एवढी जागा. तिथे ती सराव करायची आणि मी काजं-बटणं करत तिच्यावर लक्ष ठेवायची. श्वास ही चीज मलाही परकी नाही. माप घ्यायला टेप लावला की प्रत्येक बाई आधी पोट आत ओढते आणि श्वास रोखते. तशीच्या तशी मापं घेतली तर कपडा आवळतो आणि खापर माझ्या डोक्यावर फुटतं. म्हणून मी टेप लावते आणि काहीतरी विचारते, मुलगी कितवीत आहे वगैरे. उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो, मग खरं माप मिळतं.

एक्स-रेला मी तसंच केलं. बरगड्यांभोवती टेप गुंडाळला, एका पायावर उभं केलं आणि विचारलं, सासूबाई काय म्हणतात. ती बोलायला लागली आणि तोल गेला. पण हळूहळू जमायला लागलं. पहिल्या आठवड्यात श्वास सोडल्यावर एकोणतीस इंच आणि भरल्यावर एकतीस. चार महिन्यांनी भरल्यावर साडेबत्तीस, आणि ते दीड इंच सगळं पाठीकडे वाढलेलं. दवाखान्यातही तिने युक्ती काढली. तिथे रोखणं सोडता येणार नव्हतं, म्हणून ड्यूटी संपल्यावर फाटकापाशी उभी राहून ती तीनदा मोठा श्वास सोडायची. दिवसभराचं रोखलेलं तिथेच ठेवून यायचं, असं म्हणायची. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटायचं मॅडमना दम लागलाय, तो स्टूल पुढे करायचा.

आणि एका मंगळवारी ते झालं. जमिनीवरून उठण्याची जागा होती, एक्स-रे पुढे होती. तिने श्वास घेतला. नाकाने, लांब, सरळ, आणि शेवटी अगदी बारीक अडखळ, दाराची कडी बसावी तशी. आम्ही सातही जणी त्या श्वासाबरोबर उठलो. मी मुद्दाम उठले नाही, माझ्याकडून उठलं गेलं. नऊ वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं. वळून बघितलं तर बाई खिडकीपाशी तोंडावर रुमाल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, 'झालं. जागा तुझी.' मग खोकत आत गेल्या.

मी त्याच आठवड्यात कपडे शिवायला घेतले. सातजणींचे राखाडी, पुढचीचा गडद लाल. लाल आधी शिवला. एक्स-रेची मापं मला पाठ होती.

पुढच्याच शनिवारी बाई उशिरा आल्या. आल्या त्या खुर्चीवर बसल्या, जे त्या कधी करत नसत. आरशाकडे बघत म्हणाल्या, 'मी विचार केला. तिचा श्वास अजून कच्चा आहे. पुढे टेलर उभी राहील.'

मला वाटलं एक्स-रे आता काहीतरी म्हणेल, निदान का म्हणून विचारेल. ती बाईंकडे बघत राहिली, पुष्कळ वेळ. बाईंनी मान फिरवली. मग ती म्हणाली, 'बरं.' आणि मागच्या रांगेत, आरशाच्या जोडासमोर जाऊन उभी राहिली. तो तास तिने पूर्ण केला. माझ्या श्वासावर उठली, माझ्या श्वासावर वाकली. साडेसातला चटई गुंडाळली, जिना उतरली आणि परत क्लासला आली नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाईटही वाटलं, पण आधी आनंद झाला आणि वाईट नंतर वाटलं, तेही जरा ठरवून. मीही नऊ वर्षं त्या फळ्यांवर घाम गाळला होता. माझ्या घरी मला कुणी दमलीस का असंही विचारत नाही. भाऊ-वहिनी वरच्या मजल्यावर, मी खाली मशीनशी. मला वाटलं, मिळालंय तर घ्यावं. मी लाल कपड्याच्या शिवणी उसवल्या. ती अंगाने बारीक, मी नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडावी लागली, तरी पुरेना, मग काखेत कळ्या घातल्या. उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. इस्त्री फिरवली, पाणी मारलं, तरी ती पूर्ण गेली नाहीत.

कार्यक्रमाला पंधरा दिवस होते तेव्हा बाईंनी मला घरी बोलावलं. नाचाच्या शेवटी त्यांना रंगमंचावर यायचं होतं, त्यासाठी लांब काळा कोट शिवायचा होता. दोन खोल्यांचं घर, नीटनेटकं, खिडकीशी एकच खुर्ची. मी टेप काढला आणि छातीभोवती गुंडाळला. सवयीप्रमाणे विचारलं, हॉलचं भाडं भरलं का. त्यांनी उत्तर दिलं नाही. मग मी सरळ म्हटलं, बाई, श्वास घ्या.

त्यांनी घेतला. टेप हलला नाही.

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी खांदे उचलले, मानेच्या शिरा वर आल्या, आणि टेप कसाबसा पाव इंच सरकला. मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मी पाणी आणायला वळले तर कपाटावर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं. सरकारी दवाखान्याचं. त्यावर तारीख लिहिली होती आणि सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती. तसा सात मी ओळखते, माझ्या मापाच्या वहीत तिने कितीदा तरी लिहिलाय. तारीख होती त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. मंगळवारी बाईंनी तिला जागा दिली होती आणि शनिवारी काढून घेतली होती.

मी पाणी दिलं. बाईंनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं.

'ती काही बोलली तुला?' त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

'बोलायची नाही ती. मी शपथ घातली नव्हती, तिनेच आपणहून सांगितलं, कुणाला कळणार नाही म्हणून.' बाई थांबल्या, दोन वाक्यांमधे त्यांना थांबावं लागायचं. 'तीनदा फोटो काढावा लागला. ती म्हणायची रोखा, आणि मला रोखता येईना. मला, श्वास. काचेपलीकडे उभी राहून बघत होती. आता ती समोर असली की मला शिकवता येत नाही गं. माझ्या तोंडाकडे बघते, पण मला वाटतं आतलं बघते.'

एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं. मी तिथे टेप हातात घेऊन उभी होते, आणि म्हणायचं एकच वाक्य होतं. मग हे तिला सांगा, आणि जागा तिची तिला द्या. लहानसं वाक्य. ते माझ्या जिभेवर आलंही. मी विचारलं, 'कोटाला अस्तर घालायचं ना?'

बाई म्हणाल्या, घाल.

त्यानंतर पंधरा दिवस होते. एक्स-रेचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथे दोरे घेतले आणि परत आले. मनाला सांगत होते, बाई आजारी आहेत, त्यांचं मन कशाला दुखवायचं. दुसऱ्याच्या दुखण्याआड असं उभं राहायला फार सोपं असतं. खरं कारण खुंटीला टांगलेलं होतं, लाल रंगाचं.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. कवळीने पेशंट आणले होते, ते नाही कशाला म्हणतील. पडद्याच्या फटीतून मी बाहेर बघितलं आणि तिसऱ्या रांगेत कडेला एक्स-रे दिसली. एकटी. नवरा नाही, सासूबाई नाहीत. ड्यूटीवरून थेट आली असावी, खांद्याला तीच डब्याची पिशवी. मी झटकन फट बंद केली.

पहिला भाग बरा गेला. मग ती जागा आली. सहाजणी मागे, प्रेक्षकांकडे पाठ करून, गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या. मी सगळ्यात पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, तशीच बसलेली. दिवे अगदी मंद होतात. मी डोकं वर करायचं, श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर सगळ्यांनी उठायचं. मी डोकं वर केलं. समोर काळोख, आणि त्या काळोखात कुठेतरी तिसरी रांग. माझा श्वास आत होता तो आतच अडकला. घेता येईना, सोडता येईना. मागे सहाजणी वाट बघत होत्या, मला त्यांची पाठ न बघता दिसत होती. कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. एक माणूस खोकला. बाई विंगेत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे द्यायला श्वास नव्हता हे अख्ख्या नाट्यगृहात आम्हा दोघींनाच माहीत होतं. म्हणजे तिघींना.

तेवढ्यात समोरून श्वास आला. नाकाने, लांब, सरळ, आणि शेवटी बारीक अडखळ. माझ्या टेबलाशेजारी चार महिने ऐकलेला. मागच्या सहाही जणी उठल्या. त्यांना कळायला मार्ग नव्हता, आवाज पाठीमागूनच यायचा होता आणि पाठीमागूनच आला. सगळ्यात शेवटी, त्यांच्यामागून, मी उठले.

लोकांना वाटलं, ते तसंच बसवलंय. टाळ्या सुरू झाल्या आणि दिवे लागले तेव्हा तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती.

विंगेत कवळी म्हणाली, 'आज तुझा श्वास जरा वेगळाच वाटला गं.' मी म्हटलं, पॉलिशचा वास नव्हता ना, म्हणून. ती हसली. मग बाई आल्या, नवा काळा कोट घातलेल्या, अस्तर लावलेला. त्यांनी माझ्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर, दोन्ही तळवे ठेवले. 'आज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला तुझा श्वास,' म्हणाल्या. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या पाया पडले नाही, पण थँक्यू म्हटलं. तेही तोंडातून स्पष्ट निघालं, अडखळलं नाही.

सहा महिन्यांत क्लास बंद झाला. बाई बहिणीकडे राहायला गेल्या, पुढे काय झालं ते कळलं नाही. हॉल पॉलिशवाल्यानेच घेतला, आरशांसकट.

मग मागच्या थंडीत मला खोकला लागला तो जाईना. कापडाची पूड बसली असेल, डॉक्टर म्हणाले, आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला, एक समोरून, एक बाजूने. मला दुसरीकडे जाता आलं असतं. पण मनात आलं, या निमित्ताने एकदाचं बोलून टाकावं. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणूनही बघितलं.

बाकावर माझ्या आधी एक म्हातारी होती. ती आत गेली. मशीनच्या खोलीचं दार बंद झालं, पण शेजारच्या छोट्या खोलीचं दार, जिथे बटणं असतात ते, कॉरिडॉरकडे उघडंच होतं. एक्स-रे माझ्याकडे पाठ करून काचेसमोर उभी होती. 'आजी, श्वास घ्या. रोखून धरा.' तिचे खांदे वर झाले आणि तसेच थांबले. आजींबरोबर तिनेही रोखला होता. 'सोडा.' खांदे खाली आले.

मग तिने माझा कागद घेतला आणि मला नाव विचारलं. वय विचारलं. मी दोन वर्षं कमी सांगणार होते, पण तिच्यासमोर जमलं नाही. तिने लिहून घेतलं. वयातल्या सातला मधे आडवी रेघ मारली.

'गळ्यातलं काढा. प्लेटला छाती लावा, हनुवटी वर.'

नऊ वर्षं आम्ही अगं-तुगं करत होतो. मी हनुवटी वर करूनच म्हटलं, 'त्या दिवशी तू श्वास घेतलास म्हणून...'

'तुमच्यासाठी नाही घेतला,' ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. 'सगळ्या रोखून बसल्या होत्या. मला बघवत नाही. सवय आहे.'

मी म्हटलं, 'मला आधीच कळलं होतं. बाईंचं. पंधरा दिवस आधी.'

'ठाऊक आहे मला. मापं सगळ्यांची तुम्हीच घेता.' तिने माझे खांदे दोन्ही हातांनी पुढे ढकलून प्लेटला टेकवले. 'आता बोलू नका. हललात तर परत काढावा लागेल.'

समोरचा फोटो झाला. मग तिने मला बाजूला वळवून उभं केलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरायला लावले. आता काच माझ्या बरोबर समोर होती आणि काचेपलीकडे ती.

'श्वास घ्या.'

मी घेतला. पाठीत घेतला, शिकवला होता तसा.

'रोखून धरा.'

मी रोखला आणि तिच्याकडे बघत राहिले. तिचे खांदे वर झाले, खाली आले. पुन्हा वर झाले, खाली आले. घाई नाही, अडखळ नाही. मी एकटीच रोखून उभी होते आणि ती काचेपलीकडे शांतपणे, व्यवस्थित श्वास घेत होती, बाईंना नऊ वर्षं हवा होता तस्सा.

'सोडा,' ती म्हणाली, अगदी वेळेवर. मग दार उघडून बाकाकडे बघितलं आणि पुढच्याला हाक मारली.